प्रोसेसर चौसष्ट डिग्रीवर

२ मे, गुरुवार

निवेदिताची ऑर्डर पक्की झाली. मागच्या गल्लीतल्या मास्तरांची मुलगी. सहा वर्षं पुण्याला आर्किटेक्टच्या ऑफिसात होती, आता मलकापुरात येऊन घरूनच त्यांचं काम करते. जी इमारत अजून बांधलीच नाही, ती आतून फिरून दाखवायची, असले व्हिडिओ. त्याला मशीन दांडगं लागतं. सोळा कोअरचा नवा प्रोसेसर सांगितलाय. गावात हा कोणी बसवला असेल असं मला वाटत नाही. रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती सोडून कॉम्प्युटर जुळवायला लागून सत्तावीस वर्षं झाली, पण असलं काम पहिलंच. म्हणून ही वही. काय बसवलं, काय बदललं, किती तापलं, रोजच्या रोज लिहायचं. आठवणीवर भिस्त ठेवणाऱ्या मेकॅनिकचा मला राग येतो.

नवीन तापमापी बंदूकही आली. नेम धरला, घोडा दाबला की आकडा. दुकानात ३४. मधल्या खोलीत माझ्या वडिलांच्या, आबांच्या पलंगापाशी ३१, कारण कूलर तिथल्या खिडकीत आहे आणि उरलेला वारा दुकानात येतो. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवर ४६. पुन्हा मारून पाहिली, ४६च. बंदूक चांगली आहे.

४ मे, शनिवार

बोर्ड आलं. जड आहे. प्रोसेसरच्या सॉकेटच्या दोन बाजूंना काळ्या चिपांची रांग आणि वर ॲल्युमिनियमचे ठोकळे. हा भाग गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही, त्याबद्दल कोणी विचारतही नाही. पॉवर सप्लायकडून बोर्डावर येतात बारा व्होल्ट. प्रोसेसरला पाहिजे सव्वा व्होल्ट, पण करंट मात्र दीडशे अँपिअरपर्यंत. मधे उतरवून देण्याचं काम या चिपांचं. गावातली विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असते तसंच. डीपी जळेपर्यंत ती कुठे उभी आहे हे कोणाला ठाऊक नसतं. यात बारा फेज आहेत, म्हणजे बाराजणींत ओझं वाटलेलं. भरपूर झाले.

खाली उजवीकडे चिपसेट. बाकीची सगळी ये-जा तो सांभाळतो. त्याच्यावर एक चपटा पत्रा आहे, बाकी काही नाही.

सकाळी बायकोला, वासंतीला डॉक्टरांकडे नेलं होतं. ब्लडप्रेशर वरचं एकशे ऐंशी. डॉक्टर मलाच म्हणाले, गोळी चुकवायची नाही आणि उन्हाळाभर यांना उन्हात आणि ओट्यापाशी फार उभं राहू देऊ नका, हे प्रेशर मेंदूवर जातं. रस्त्यात मी तिला म्हटलं, ऐकलंस ना. ती म्हणाली, "मी ऐकलं. पण आबायची पेज कोण करीन?" आबा आता शहाऐंशी वर्षांचे. सहा वेळा थोडं थोडं लागतं, आणि कूलर थांबला की दहा मिनिटांत तोंड सुकतं त्यांचं.

८ मे, बुधवार

मशीन उभं केलं. प्रोसेसरवर मोठा पंख्याचा टॉवर बसवून पूर्ण लोड दिला. पाच मिनिटांत ९३ डिग्री. कंपनी म्हणते चालतं. मला नाही चालत. बाहेर ४४ असताना आत ९३ पाहून गिऱ्हाईक रात्रभर काम लावून झोपणार कसं?

विचार करून ठरवलं, वॉटर कूलिंग. पंप, नळ्या, वर तीन पंख्यांचा रेडिएटर. आपण वऱ्हाडातली माणसं, वैशाखात नुसत्या पंख्यावर आपला विश्वास नाही. मुंबईहून मागवलं.

वासंती पहाटे पाच वाजता गच्चीवर गेली कुरड्या घालायला, दहाला खाली आली. गव्हाचा चीक संपल्याशिवाय उठता येत नाही म्हणे. डोकं ठणकतंय म्हणाली. उन्हाळ्यात सगळ्यांचंच ठणकतं. माझंही दुपारी दुखत होतं.

९ मे, गुरुवार

वॉटर कूलिंग बसलं. टॉवर काढून ठेवला. पूर्ण लोड, प्रोसेसर ६४. मी तीनदा पाहिलं. चौसष्ट. आबांच्या पलंगापाशी बसून त्यांना सांगितलं, ते म्हणाले, "बरं झालं."

झाकण उघडं ठेवूनच दहा मिनिटं चालवलं, काही अडचण नाही.

१० मे, शुक्रवार. अक्षयतृतीया

मुहूर्तावर मशीन दिलं. निवेदिताच्या आईने नारळ फोडला, हळदकुंकू मात्र मी खोक्यापासून दूर लावायला लावलं. पंखे ओढून घेतात. तिच्या टेबलाखाली कोनाडा आहे, तिथे नीट बसलं.

जेवायला धम्मरत्न होता. शेजारी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, वयाने माझ्याहून दहा वर्षं लहान पण हात कसबी. पोळ्या होता होता मधेच थांबल्या. आत जाऊन पाहिलं तर वासंती ओट्याला टेकून खाली बसलेली. "डोयापुढं काजवे आले," म्हणाली. पाणी दिलं. पाच मिनिटांनी उठली आणि उरलेल्या केल्या. आमरस थोडा उशिरा वाढला, धम्मरत्नला दुकान उघडायचं होतं, त्याची चुळबुळ चालली होती.

१३ मे, सोमवार

निवेदिताचा फोन. "काका, सुरुवातीला खूप फास्ट आहे. वीसेक मिनिटांनी एकदम बसतं. मग तासाचं काम चार तास." मी विचारलं, तेव्हा तापमान किती? म्हणे पन्नास. म्हणजे लोडवर असताना चौसष्टचं पन्नास झालं. तापत नाही तर उलट थंड होतंय. मग तक्रार कशाची? तिच्या सॉफ्टवेअरमध्ये खोट असणार. पुण्याच्या लोकांना विचार म्हटलं.

१५ मे, बुधवार

स्वतः जाऊन पाहिलं. खरंच विसाव्या मिनिटाला मशीन मान टाकतं. वेग पाच गिगाहर्ट्झवरून दीडवर. प्रोसेसर ५१. अर्थिंग तपासलं, बरं नाही. भिंतीतला सॉकेट सैल. हीच गोष्ट. इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगितलं. महिनाअखेरीस निवेदिताला एक मोठं काम पुण्याला द्यायचंय आणि तोवर ते इथून जमलं नाही तर ऑफिस तिला परत बोलावणार. हे तिच्या आईने मला दारात हळूच सांगितलं.

घरी आलो तर चहा नाही. वासंती झोपलेली, भरदुपारी. गोळी घेतली का विचारलं, संपली म्हणाली, दोन दिवस झाले. आणायची राहिली. मीच म्हणालो होतो आणतो म्हणून, ते या धांदलीत राहून गेलं. उद्या नक्की.

१८ मे, शनिवार

अर्थिंग नवीन झालं, मशीन तसंच. मी ते दुकानात परत आणलं. मला वाटतं पॉवर सप्लाय कमी पडतोय. साडेआठशे वॉटचा आहे, हजाराचा मागवला.

गोळ्या आणल्या.

या वेळी झाकण लावूनच टेस्ट लावली. निवेदिताच्या घरी जसं असतं तसं. प्रोसेसर ६४, मग तेविसाव्या मिनिटाला ४९. शहाणपण चालेना.

वासंती कूलरसाठी पाणी घेऊन दुकानातून जात होती. सकाळ-दुपार मिळून चौदा बादल्या लागतात आता. बादली ठेवली आणि खोक्याच्या मागच्या पत्र्यावर तळवा टेकून उभी राहिली. "इथी लय भाजून राह्यलं हो," म्हणाली. मी म्हटलं, प्रोसेसर एकोणपन्नासवर आहे. ती म्हणाली, "असन. पण इथी वरच्या कोपऱ्यात हात ठेववत नाई. पाहा तुमी." मी बंदूक मारली नाही, कारण बाहेरचा पत्रा तापणारच, आतली हवा तिथूनच निघते. तिला ते समजावून सांगितलं. बरं म्हणाली आणि बादली उचलून गेली.

२१ मे, मंगळवार

हजार वॉटचा सप्लाय लावला. फरक शून्य.

माझा दोष असेल तर काय, हा विचार आज पहिल्यांदा आला. सत्तावीस वर्षांत मशीन परत आलीत, पण मला कळलं नाही असं एकही नव्हतं. निवेदिताला फोन करायची हिंमत होत नाही. जेवणही गेलं नाही.

वासंतीच्या हातून पितळी गडू पडला. डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणाली. बादल्यांनी खांदा अवघडला असेल. उद्यापासून चार बादल्या मी भरीन असं म्हणालो.

२३ मे, गुरुवार

बोर्ड सदोष आहे असं कंपनीला लिहिलं. फोटो मागितले. दिवस त्यातच गेला. पाणी वासंतीनेच भरलं, माझ्या लक्षात आलं तेव्हा दोन वाजले होते.

तिचा भाऊ गोविंदा जानेफळहून फोन करत होता, चार दिवस माहेरी पाठवा म्हणून. मी म्हटलं नवतपाचे नऊ कडक दिवस उतरले की पाठवतो. आबांना आत्ता कोण पाहील? तिलाही पटलं. "जाईन ना मंग," म्हणाली.

२५ मे, शनिवार. नवतपा लागला. बाहेर ४६

धम्मरत्न संध्याकाळी येऊन बसला, तेव्हा टेस्ट चालूच होती. मी सगळं क्रमाने वाचून दाखवलं, या वहीतून. तो ऐकत ऐकत खोक्यापाशी गेला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "बंदूक द्या हो भाऊ इकडे."

प्रोसेसरच्या पाण्याच्या ठोकळ्यावर मारली, ५२. मग त्या कडेच्या काळ्या चिपांच्या ठोकळ्यावर मारली.

११४.

खाली चिपसेटच्या पत्र्यावर, ९७.

मी म्हटलं, बंदूक बिघडली. तो हसला. "बंदूक नाई बिघडली. तुमी पयले पंख्याचा टॉवर लावला होता ना, त्याचा वारा बाजूच्या या चिपायलेही लागे. त्यायचं त्यावरच भागत होतं. तुमी थो काढला अन् पाणी देल्लं प्रोसेसरले. थो थंड झाला. पण त्याले पुरवणाऱ्यायले वाराच नाई राह्यला. हे तापून तापून शेवटी हात वर करतात, मंग बोर्डच प्रोसेसरले सांगते, कमी खाय बाबा. म्हणून थो पन्नासवर येते. थंडाव्यानं नाई, उपाशी हाय म्हणून."

इतकं साधं. या चिपांचं तापमान स्क्रीनवर दाखवायची सोयच या बोर्डात नाही, आणि जे दिसत नाही ते मी मोजलं नाही. आकडा मी एकाच ठिकाणचा पाहत राहिलो. दुकानात पहिल्या दिवशी झाकण उघडं होतं, कूलरचा वारा थेट आत जात होता, म्हणून पास झालं. हे मला सुचायला पाहिजे होतं.

धम्मरत्नला म्हटलं, तू नसतास तर मी बोर्ड परत पाठवलं असतं. तो म्हणाला, "काई नाई भाऊ, मागचा पत्रा हाताले लागला म्हणून पाह्यलं."

२६ मे, रविवार

सकाळीच दोन छोटे पंखे पट्टी ठोकून बसवले. एक चिपांच्या ठोकळ्यावर, एक चिपसेटवर ग्राफिक्स कार्डाच्या खालून. झाकण लावलं. साडेदहाला टेस्ट सुरू.

दहावं मिनिट, प्रोसेसर ६५, चिपा ७८. विसावं मिनिट, ६६ आणि ८१. वेग पाच, जराही खाली नाही. मी घड्याळ समोर धरून बसलो होतो. सत्ताविसाव्या मिनिटाला आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं मांजर. आबांनी हाक मारली. मी "आलो" म्हटलं. तीस मिनिटं पूर्ण व्हायला हवी होती, कंपनीची टेस्ट तीस मिनिटांची असते. तीस झाली, आकडे लिहिले (६६, ८२, चिपसेट ६१) आणि मग उठलो.

वासंती स्वयंपाकघरात पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. पेज सांडून ओट्यावरून खाली आली होती, पायावर. डोळे उघडे होते, मला पाहत होती. काहीतरी म्हणत होती, ते शब्द नव्हते.

धम्मरत्नने गाडी आणली. बुलढाण्याला. आबांपाशी निवेदिताची आई येऊन बसली.

हे मी दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. मला भीती वाटते, आणि ती कोणाला सांगायची हे कळत नाही, कारण असलं काही झालं की मी वासंतीलाच सांगत आलोय.

२७ मे, सोमवार

मेंदूतली रक्ताची नळी तुंबली. औषध दिलं आहे. डावा हात, डावा पाय हलत नाही. जीव वाचेल म्हणतात, चोवीस तास पाहायचे.

तरुण डॉक्टर आहेत. कागद भरून घेत होते. विचारलं, "पडण्याआधी काही त्रास? डोकेदुखी, चक्कर, हातापायाला मुंग्या?" मी म्हटलं, नाही. बोलली नाही कधी काही. ब्लडप्रेशर होतं, त्याची गोळी चालू होती.

त्यांनी तसं लिहून घेतलं.

२८ मे, मंगळवार

निवेदिताचा फोन. मशीन धम्मरत्नने पोचतं केलं, काल दुपारपासून अखंड चालू आहे, काम वेळेत जाणार. काकू कशा आहेत विचारत होती. मग जरा घुटमळून म्हणाली, पंखे कुठल्या दिशेने लावलेत आणि आकडे काय होते ते लिहून द्याल का, ऑफिसला कळवायचंय. मी म्हटलं वहीत आहे, पाठवतो.

वही उघडून दोन तारखेपासून आकडे काढायला बसलो.

आठ तारीख, प्रोसेसर ९३. त्याच्या खाली डोकं. दहा तारीख, मशीन दिलं. त्याच्या खाली काजवे. पंधरा, अर्थिंग. गोळी दोन दिवस नाही. अठराला गोळ्या आणल्या, म्हणजे दोन नव्हे, पाच दिवस. एकवीस, हजार वॉटचा सप्लाय. डाव्या हाताला मुंग्या. माझंच अक्षर. कुठे खाडाखोडसुद्धा नाही.

अठरा तारखेला तिने तो कोपरा हाताने दाखवला होता, तेही आहे. मी धम्मरत्नचे आभार मानले.

निवेदिताला आकडे पाठवले. मग एका कोऱ्या कागदावर तारखा उतरवल्या, वासंतीच्या त्रासाच्या. लाज वाटली, पण उतरवल्या. मी डॉक्टरांना खोटं सांगितलंय, आणि औषध त्या सांगण्यावर चालू आहे.

२९ मे, बुधवार

वासंतीला आज शुद्ध नीट आहे. बोलणं जड आहे, पण कळतं. पहिलं विचारलं ते, "आबा जेवले?" मी म्हटलं, जेवले. निवेदिताच्या आई करतात, कूलरला पाणी धम्मरत्न टाकतो. तिच्या एकटीच्या कामाला दोन माणसं लागतात, हे मी सांगितलं नाही.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा कागद दिला. म्हटलं, परवा माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं, त्रास होता. त्यांनी पलंगापाशी उभं राहूनच वाचला. आठ मे, डोकेदुखी, पाच तास उन्हात. दहा मे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, ओट्यापाशी. तेरा ते अठरा, गोळी बंद. एकवीस मे, डाव्या हाताला मुंग्या, भांडं सुटलं. स्वयंपाकघरातलं तापमान सेहेचाळीस.

त्यांनी कागद फाइलला लावला. नर्सला दाखवला सुद्धा. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, इतकी बारीक नोंद ठेवणारा नवरा मी अजून पाहिला नाही. डिग्रीसकट. यांचं नशीब चांगलं आहे, घरात कोणीतरी लक्ष ठेवून होतं."

वासंती उशीवरून माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

मी डॉक्टरांना हो म्हणालो.